गिळलेला ‘ला’

गोदाबाई मूळच्या कोल्हापूरकडच्या. हिंजवडीत त्यांची खानावळ होती आणि त्यांच्या हाताला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. लुधियान्याहून नोकरीला आलेल्या गुरनूरनं मात्र पहिल्याच दिवशी आमटी भुरकून म्हटलं, “चंगा!”

गोदाबाई दिवसभर धुसफुसत राहिल्या. सरळ ‘चांगला’ म्हणायला काय झालं होतं? शेवटचा ‘ला’ आमटीबरोबर गिळला की काय? दुसऱ्या दिवशी भरलं वांगं, पुन्हा “चंगा!” तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना.

“थालीपीठ सगळं खाल्लंस, आणि शब्द तेवढा अर्धा टाकलास व्हय रे ताटात?”

गुरनूरला ओ की ठो कळलं नाही. त्यानं हसून आणखी एक थालीपीठ मागितलं.

पुढच्याच आठवड्यात तो तापानं फणफणला. गोदाबाई राग विसरून तीन दिवस मऊ भात आणि मुगाचं कढण घेऊन त्याच्या खोलीवर चढत होत्या. चौथ्या दिवशी ताप उतरला, आणि नेमका तेव्हाच त्याच्या आईचा, मनजीत कौरांचा, व्हिडिओ कॉल आला. गुरनूरनं फोन गोदाबाईंच्या हातात दिला.

“भैणजी, मेरा पुत्त चंगा-भला ए?” मनजीतबाई रडवेल्या झाल्या होत्या.

गोदाबाईंचे डोळे लकाकले. जोतिबाच्या डोंगरावर लहानपणापासून गुलाल उधळत दिलेली आरोळी त्यांच्या तोंडून आपोआप सुटली.

“चांगभलं!”

“हांजी! चंगा-भला!”

“चांगभलं!”

दोघी ओरडतायत, हसतायत, थांबायचं नाव नाही. आरडाओरडा ऐकून शेजारच्या खोलीतली प्रियदर्शनी धावत आली. तिचं भाषाशास्त्रात एम.ए. झालेलं.

“काकू, ‘चंगा’ आणि ‘चांगला’ दोन्ही एकाच घरचे. जुना शब्द ‘चंग’, म्हणजे देखणा, छान. पंजाबीत आणि उर्दूत त्याचा चंगा झाला. छानही आणि ठणठणीतही. मराठीत त्याला ‘ला’ लागून ‘चांगला’ झाला.”

“म्हंजे ‘ला’ आपणच चिकटवला?”

“हो ना!”

“अगं बाई! आणि मी या पोराला उगीच बोलले!” गोदाबाईंना हसता हसता ठसका लागला. मग फोन तोंडाजवळ धरून त्यांनी विचारलं, “तुमच्याकडं आणखी काय काय हाय आमचं?”

मनजीतबाईंनी काय समजायचं ते समजून चुलीवरचं पातेलं कॅमेऱ्यासमोर धरलं. “कढ़ी!”

“कढी!” गोदाबाई किंचाळल्या.

गुरनूरला आता कडकडून भूक लागली होती, पण त्याचा फोन आणि त्याची खानावळ, दोन्ही कामात होती.