फॅट कमी लागलेलं दूध

सुनेच्या दुधाची डेअरीत नेऊन फॅट मोजणारा सासरा साऱ्या दौंड तालुक्यात मलाच मिळायचा होता.

मी सणसवाडीला कंपनीत, आणि माझा तान्हा सार्थक राहू गावी सासूसासऱ्यांजवळ. बाळंतपणाची सुट्टी संपल्यावर मी दूध काढून फ्रीजमध्ये गोठवायची आणि माझा नवरा सत्यजीत ते बर्फाच्या डब्यातून घरी पोचवायचा. दूध काढताना मी मोबाईलवर सार्थकचा फोटो समोर ठेवायची. त्याशिवाय पान्हाच फुटायचा नाही.

घरी म्हशी. त्या दुधापुढे माझं पातळ, निळसर. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, शंका आली. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, वाटीभर डेअरीत नेऊन मशीनला लावलं, तर फॅट कमी. झालं! माझं दूध फ्रीजमध्ये पडून आणि पोराला म्हशीचं सुरू. मला कळलं ते त्याला जुलाब लागून यवतच्या दवाखान्यात नेल्यावर.

पोर बरं झालं. शनिवारी मी घरात शिरले ती तोंडाचा पट्टा सोडूनच.

"डॉक्टरीणबाई काय म्हणल्या, ऐकलं ना? आईच्या दुधात येक साखर असती. ती बाळाला पचत न्हाई, त्याच्या पोटातल्या चांगल्या जंतूंना लागती. वाईट जंतू तिलाच चिकटून बाहेर पडत्यात. म्हशीच्या दुधात ती नसल्यासारखीच. तुमच्या मशीनला दिसती व्हय ती?"

मामा उठून गोठ्यात गेले.

"म्हंजी पोटातल्या जित्राबांचा चारा हाय त्यो," आत्या म्हणाल्या. "आन् म्या त्योच तोडला."

यावर काय भांडायचं? मी सार्थकला पदराखाली घेतलं. त्याने तोंड फिरवलं आणि रडत आत्यांकडे हात पसरले. माझा ब्लाउज दुधाने भिजला होता आणि माझ्याच पोराला मी परकी झाले होते. असं तोडणारं दुःख मला बाळंतपणातही झालं नव्हतं.

आत्या आतून जुनं लुगडं घेऊन आल्या. सार्थकला त्या रोज त्यातच घेऊन निजायच्या. ते त्यांनी माझ्या अंगावर पांघरलं.

"आता घे."

त्याने हुंगलं, हुंदका गिळला आणि प्यायला लागला. मला रडू आवरेना.

आत्या दोरीवरचं त्याचं धुतलेलं झबलं काढायला गेल्या आणि ते तसंच ठेवून त्याच्या अंगावरचं चाचपू लागल्या.

"ह्ये धुवत न्हाई," त्या म्हणाल्या. "सोमवारी जाताना घिऊन जा. तिकडं दूध काढताना तुलाबी त्याचा वास लागंल."