शिक्का नसलेली दुरुस्ती

मी बोलतोय ते या पलंगाशेजारच्या श्वासयंत्रातून. यंत्र म्हणजे मी नव्हे हं. मी त्याच्या आतला प्रोग्राम. पलंगावर मास्क लावून पडलेले बाबा, त्यांनीच मला लिहिलं. त्यांची मुलगीही हेच काम करते. तिला मी मनातल्या मनात ताई म्हणतो.

लिहिताना बाबांनी एक अट घातली होती: यंत्र ज्याच्या घरी, त्याला मला वाचता यावं, बदलता यावं आणि बदललेला मी त्याच यंत्रात चालवता यावा. त्यांचा भागीदार म्हणाला, "अरे, या अटीनं कंपन्या बिचकतात. कोड सगळ्यांना उघडा आहे ना? मग झालं तर!"

"मुक्त आणि नुसता उघडा यात फरक आहे रे," बाबा म्हणाले. पण वाद घालून कंटाळले आणि त्यांनी अट खोडली. मला तेव्हा काय कळतंय! दवाखान्या-दवाखान्यांत जाणार म्हणून मी उलट हुरळलो.

मग बाबांचीच फुप्फुसं थकली आणि मी या यंत्रात बसून घरी आलो.

ताईनं मला ओळ न् ओळ वाचलं. चूक सापडली. प्रत्येक श्वासाचा दाब मी फक्त आधीच्या श्वासाशी ताडून बघतो. नळी एकदम तुंबली तर बोंब ठोकतो; हळूहळू तुंबली तर गप्प राहतो. ताईनं अर्ध्या तासात दुरुस्ती केली. यंत्रानं ती घेतलीच नाही. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा डिजिटल शिक्का नाही म्हणे! दुसरं यंत्र आणावं, तर त्यातही मीच.

तिनं फोन लावला. "मॅडम, कोड वाचायला उघडाच आहे की," पलीकडचा गोड आवाजात म्हणाला. "दुरुस्ती पाठवून ठेवा, पुढच्या आवृत्तीत बघू." याला आठ महिने झाले.

बाबांनी पाटीवर लिहिलं, 'चूक माझी.'

"दाबाची ना? ती कुणाकडूनही होते हो बाबा."

त्यांनी नाही अशी मान हलवली आणि खाली लिहिलं, 'अट खोडली ती.'

तेव्हापासून ताईच डोळ्यांत तेल घालून नळीकडे बघत बसते. आज दुपारी मात्र खुर्चीतच तिचा डोळा लागलाय. नळीत वाफेचं पाणी साचतंय. प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा किंचित जड, अगदी किंचितच. मला दिसतंय सगळं. पण माझ्यात लिहिलंय तेवढंच मला करता येतं, आणि लिहिल्याप्रमाणे सगळं ठीक आहे. मी हिरवा दिवा लावून ठेवलाय.

ताई, ऊठ ना गं.