सीटखालची बाई

रविवारी सकाळी धनगरवाडीच्या उतारापाशी जत्रा भरावी तशी माणसं जमली होती, आणि मधोमध मंगेशची पांढरी व्हॅन उभी होती. काचेवर हळदकुंकू, आरशाला लिंबू-मिरच्या, वायपरला काळा दोरा. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, म्हणून सीट उचलून ठेवली होती. इंजिन चालू होतं आणि त्यातून बारीक, लांबलचक, बाई हुंदके देत असावी तसा आवाज येत होता. महिपतबुवा त्यावर धुपाटणं फिरवत होते.

"बघा रे, डोळं उघडून बघा!" बुवा ओरडले. "धूर वर जायाचा सोडून खाली चाललाय! कोन पितंय त्याला? सीटखालची बाई पिते! धूर पिते, पेट्रोल पिते, उद्या तुमची पोरं पिईल!"

धुराची एक रेघ खरोखरच खाली वळून इंजिनामागे गडप होत होती. लोकांनी हात जोडले. एका म्हातारीने तर व्हॅनच्या चाकाला नमस्कार केला. मला मात्र हसू आवरेना. मी महाडला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेते, आणि इंजिन चोरून हवा कुठून ओढतंय हे शोधायला मुलांना मी धूरच सोडायला लावते. बुवा माझाच धडा घेत होते, फक्त उत्तर भलतं सांगत होते.

पण ते भलतं उत्तर एका बाईच्या जिवावर उठलं होतं. विठाबाई गर्दीबाहेर दगडावर बसली होती. विधवा, दोन म्हशी, एक पाय फडक्यात गुंडाळलेला. साखरेच्या दुखण्याने तिच्या पायाची जखम भरत नव्हती. पोलादपूरच्या दवाखान्यात पट्टी बदलायला ती याच थांब्यावरून मंगेशच्या व्हॅनने जायची. वरून उतरताना व्हॅन शिट्टी घालू लागायची, आणि थांब्याशी येऊन विठाबाईसमोर गचके खात बंद पडायची. झालं. बुवांनी निवाडा दिला की विठाबाईच्या नजरेने गाडीत बाई शिरली. मंगेशने तिला गाडीत घेणं सोडलं. ती चिघळलेला पाय ओढत घाटरस्त्याने चालत जाऊ लागली, आणि पुढे तेही जमेना. तिची पट्टी करणारी नर्स पूनम माझी मैत्रीण. तिनेच मला सोबत आणलं होतं.

"आज हिला नेलं नाही तर पाय कापावा लागेल," पूनम मंगेशला म्हणाली.

"मॅडम, मेरेको भी समजता है," मंगेश खाली बघत म्हणाला. मुंबईला टॅक्सी चालवून आलेला हा गडी. "पन गाडीच माझं पोट हाय. महाडला प्लग बदलले, फिल्टर बदलला. आवाज जात नाय. बुवा फडकं बांधतात तवाच जातो."

"आणि परत येतो?"

"हिनं बघितलं की येतो."

तेवढ्यात बुवांनी हात वर केला. "विठे, हितं ये! गाडीभवती उलटी फीर. सगळ्यांसमोर बोल की मीच लागली होती, आनि आजच्या आज वाडी सोड. मग मी फडकं बांधतो. नायतर ही गाडी घाटात सगळ्यांना घिऊन पडंल!"

विठाबाई उठलीसुद्धा. माझं डोकं सणकलं ते तिच्या उठण्याने. इतक्या दिवसांच्या दमदाटीने त्या बाईला स्वतःच्या डोळ्यांचीच भीती वाटायला लागली होती.

"बसा, विठाबाई," मी म्हणाले. "बुवा, तिची नजर लागते म्हणता ना? पूनम, हिला शाळेमागे घेऊन जा."

दोघी दिसेनाशा झाल्या. शिट्टी चालूच होती.

"नजर गेली, बाई का नाही गेली?" मी विचारलं.

"नजर दुरूनपन लागते," बुवा गुरगुरले. "तू शहरातली, तुला काय कळतंय?"

"बरं. आता तिला गाडीला खेटून उभी करू या."

पूनमबरोबर विठाबाई लंगडत आली. मी तिचा हात धरून तिला उघड्या इंजिनाजवळ उभं केलं. धूर जिथे गडप होत होता तिथे एक जाड रबरी नळी होती आणि तिच्यावर बुवांचं आधीचं लाल फडकं करपून सैल पडलं होतं. मी मंगेशला गाडी बंद करायला लावली, फडकं सोडून फेकून दिलं आणि गाडी पुन्हा चालू करवली. शिट्टी आणखी चढली. नळीला बोटाच्या पेराएवढी चीर होती. मी ओला रुमाल हातावर घेतला आणि त्या चिरेवर अंगठा दाबला.

शिट्टी थांबली. गचके खाणारं इंजिन संथ चालू लागलं. अंगठा उचलला, बाई रडू लागली. दाबला, बाई गप्प.

"विठाबाई समोर उभी आहे," मी म्हणाले. "कुठे गेली बाई?"

मग मी सांगितलं, अगदी वर्गात सांगते तसं. इंजिन या नळीतून हवा ओढून घेतं आणि त्या ओढीवर ब्रेकला जोर मिळतो. रबर उष्णतेने वाळून फाटलं की चिरेतून बाहेरची हवा घुसते, तीच शिट्टी, आणि तिच्याबरोबर धूरही आत जातो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ओढ सगळ्यांत जास्त असते, म्हणून शिट्टी उतारावर वाजते. थांब्यावर ही आगंतुक हवा पेट्रोलचं प्रमाण बिघडवते, म्हणून गाडी बंद पडते. थांबा उताराच्या पायथ्याशी आहे आणि विठाबाई थांब्यावर उभी असते. दुसरं कोणी तिथे उभं राहिलं असतं तरी गाडी तशीच रडली असती.

"मंगेश, ब्रेक जड लागतो का?"

मंगेशचा चेहरा उतरला. "लागतो. बुवा बोलले, बाईचं वजन हाय."

"वजन नाही. ब्रेकचा जोर जातोय. या फडक्याच्या भरवशावर तू घाटात माणसं नेत होतास."

बुवांनी घाईघाईने झोळीतून नवं लाल फडकं काढलं. "मंतरलेलं हाय, हितंच बांधतो!" ते नळीकडे झेपावले. पूनमने ते हिसकावून उलगडलं. आतल्या बाजूला सायकलच्या ट्यूबची पट्टी व्यवस्थित चिकटवलेली होती.

"आगायाया!" गर्दीतला चांगू धनगर ओरडला. "बुवा, मंत्राला पंक्चरची पट्टी लागते व्हय? आनि तुमी मुंबईला गॅरेजात व्हता ना रं?"

"देवानं दृष्टांत दिला..." बुवा पुटपुटले.

"देवानं ट्यूबपन दिली काय?"

चीर कुठे आहे ते या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ट्यूब तापून सैल होणार, शिट्टी परत येणार, कोंबडा-नारळ घेऊन लोक परत येणार, हे त्याचं गणित होतं. त्या गणितात एका बाईचा पाय जात होता, तर जाऊ दे. याला मी अडाणीपणा म्हणत नाही, हा हरामखोरपणा आहे. काही तरुण त्याच्या अंगावर धावले. मी त्यांना अडवलं आणि म्हटलं, जादूटोणाविरोधी कायदा आहे, आपण फिर्याद देऊ. ती दिलीही.

चीर नळीच्या टोकालाच होती. तेवढं टोक कापून मी नळी पुन्हा बसवली आणि क्लिप आवळली. महाडला जाऊन नवीन नळी घालेपर्यंत गाडी हळू चालव, असं मंगेशला बजावलं. त्याने पुढची सीट खाली केली आणि विठाबाईपुढे हात जोडले. "काकी, बसा. चुकलो."

विठाबाईने त्याच्याकडे आणि मग सगळ्यांकडे बघितलं. "मी पाय वडत चालली व्हती, तवा तुमी सगळी याच गाडीतनं माझ्या बाजूनं गेलाव," ती म्हणाली. "एकानंबी गाडी थांबव म्हटलं नाय."

ती पुढे बसली. व्हॅन आवाज न करता उतारावरून गेली.

पाय वाचला, पण दोन बोटं कापावी लागली. नळी नवीन मिळाली. बोटं कुठल्या दुकानात मिळतात ते बुवांना विचारा. म्हणून सांगते, कुठेही कसलाही आवाज आला आणि कोणी एखाद्या बाईकडे बोट दाखवलं, तर हात जोडू नका. आधी सीट उचला आणि खाली बघा.