ओटिस उठेपर्यंत

"फावडं खाली ठेव, लोवेल."

मिसेस प्रूइट ओरडल्या नाहीत. तरी भिंतीच्या अलीकडे कपडे वाळत घालताना मला शब्द न् शब्द ऐकू आला. मी बादली पालथी घातली, तिच्यावर चढले आणि पलीकडे डोकावले. शेजारधर्म म्हणा, नाहीतर चोंबडेपणा म्हणा.

जानेवारीतला बोचरा वारा सुटला होता. मागच्या अंगणात ओटिसच्या बिळाच्या अगदी तोंडावर स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बाई बसल्या होत्या. मांडीवर गोधडी, शेजारी चालायचा वॉकर. समोर त्यांचा मुलगा लोवेल फावडं घेऊन उभा. ओटिस हे बाईंचं कासव. आमच्या मोहावी वाळवंटातली कासवं थंडी पडली की जमिनीत शिरतात, ती उन्हं तापेपर्यंत तोंड दाखवत नाहीत. ओटिस त्या बिळात, हातभर खोल, गाढ झोपला होता.

"आई, घर विकलंय. एक तारखेला ती माणसं राहायला येतायत."

"येऊ देत की. मी कुठे अडवलंय?"

"तू बिळावर बसली आहेस."

"मग बसू कुठे? सोफा तर तू कालच देऊन टाकलास."

लोवेलचंही अगदीच चुकत होतं असं नाही. शरद ऋतूत बाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून तो दूर उत्तरेच्या आयडाहो राज्यातून खेपा घालत होता. तिकडे त्याच्या घराजवळच त्याने त्यांच्यासाठी खोली बघितली होती. घोडं अडलं होतं ते ओटिसपाशी. पाळलेलं कासव राज्याबाहेर न्यायला कायद्याने बंदी. वाळवंटात सोडावं, तर तेही चालत नाही, कारण माणसाघरच्या कासवाचा सर्दीचा आजार रानातल्या कासवांना लागतो आणि ती पटापट मरतात. जवळच्या बार्स्टो गावात कासवं सांभाळणारी मंडळी होती, ती त्याला घ्यायला तयार होती, पण उठल्यावर.

"झोपेतच खोक्यात ठेवतो ना," लोवेल म्हणाला. "त्याला कळणारसुद्धा नाही."

"तुला झोपेत उचलून परक्या घरी टाकलं, तर तुला कळणार नाही?"

मला राहवेना. "मिसेस प्रूइट, तो माझ्याकडे राहील की."

"तुझ्याकडे दोन कुत्री आहेत, बॉबी. आणि बादलीवरून उतर, पडशील."

मी उतरले. माझं स्वतःचं टायरचं दुकान आहे, केस पिकायला लागलेत, पण बाईंचा आवाज आला की मी अजून इयत्ता चौथीत जाते. आमच्या गावची शाळेची बस त्या चालवायच्या. मी आणि लोवेल एकाच बाकावर बसायचो. वसंतात कासवं चरायला निघाली की रस्त्यावर यायची, आणि बाई बस थांबवून इंजिन बंद करायच्या. खाली उतरायच्या, रस्त्याच्या मधोमध हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. मागून ट्रक येवो नाहीतर फौजदार येवो, कासव पलीकडे जाईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. उचलून ठेवा ना एकदाचं, असं आम्ही कोकलायचो. "हात लावायचा नाही," एवढंच उत्तर मिळायचं. रोज शाळेला उशीर. मुख्याध्यापक तडकले, तर बाईंनी कासवं सोडली नाहीत, बस लवकर काढायला सुरुवात केली. मार्च उजाडला की गावातल्या यच्चयावत पोरांना अंधारात उठावं लागायचं. आम्ही त्या प्राण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलाय. लोवेलला तर पोरं 'कासवीणबाईचा' म्हणून चिडवायची. त्याने ते कधी विसरलं असेल असं मला वाटत नाही.

त्या दिवशी फावडं जमिनीत रोवून तो म्हणाला, "शेवटची सही तेवढी राहिलीय, आई. ती कर आणि चल."

"ओटिस उठला की करते."

"एप्रिल उजाडेल!"

"उजाडू दे."

पालथ्या घड्यावर पाणी. चार दिवस डोकं आपटून लोवेल एकटाच परत गेला. जाताना मला म्हणाला, "लक्ष ठेव तिच्यावर. लहानपणी माझ्या तापात माझ्या उशाशी ती एवढी बसली नव्हती." ते खरं नव्हतं, त्यालाही माहीत होतं.

रिकाम्या घरात एक खाट, एक कॉफीची किटली आणि ती खुर्ची. दुपारची उन्हं बिळावर आली की बाई वॉकर टेकत यायच्या आणि बसायच्या. मी जाता-येता सूप नाहीतर पाव देऊन यायचे.

फेब्रुवारीत घर घेणारी बाई आली. मारिसोल तिचं नाव, रेल्वेच्या यार्डात सिग्नलचं काम करायची. तरणीताठी, आणि रागाने लाल झालेली. मी मुद्दाम भांडं परत न्यायचं निमित्त काढून तिथेच थांबले.

"आमचं जुनं घर सुटलंय, मॅडम. नवरा, मी, दोन लेकरं, सगळे बहिणीच्या गॅरेजात झोपतोय. एका कासवासाठी?"

"बस," बाई म्हणाल्या.

"बसायला आले नाही मी."

"मग उभी राहून ऐक. आम्ही हे घर घेतलं तेव्हा ओटिस इथेच होता. आधीच्या म्हाताऱ्याने किल्ली दिली आणि म्हणाला, अंगणात एकजण आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. माझा नवरा क्लाइड वारला, पोरगा आयडाहोला गेला, हा इथेच. घर त्याचं आहे, पोरी. आपण सगळे भाडेकरू. तो घरासोबत मला मिळाला, घरासोबतच तुला मिळणार. पण न बघता कसा घेशील? एकदा बघ, मग नाही म्हण."

मारिसोलने अंगणाकडे बघितलं. "इथे काँक्रीट घालायचंय आम्हाला. नवऱ्याचा ट्रक उभा राहायला."

बाईंनी वॉकर बिळाच्या आणखी जवळ ओढला.

"आणि तो उठलाच नाही तर?" मारिसोलने विचारलं.

हा प्रश्न माझ्याही मनात कधीचा होता. दोन वर्षं पाऊस नव्हता. रानातली कासवं बिळातच वाळून गेल्याचं लोक सांगत होते. ओटिस म्हातारा, शरदात शिरला तेव्हा फार खाऊनही शिरला नव्हता.

"तर मी खणीन," बाई म्हणाल्या. "माझ्या हाताने. मग तू खुशाल काँक्रीट घाल."

मारिसोल पाय आपटत निघून गेली. पुढच्या रविवारी परत आली, तीही भांडायलाच, पण येताना मक्याच्या पानात उकडलेले तमाले घेऊन आली. आई-आज्यांच्या वळणातली मुलगी. म्हाताऱ्या माणसाशी भांडायलासुद्धा रिकाम्या हाताने जायचं नाही. त्या रविवारी ती मी भिंतीवरून दिलेल्या बादलीवर बसली. त्यानंतरच्या रविवारी 'मॅडम'चं 'दोन्या व्हर्ना' झालं, म्हणजे तिच्या स्पॅनिशमध्ये मानाने व्हर्नाबाई.

"उचलायचं का नाही पण?" तिने एकदा विचारलं.

"कारण तो वर्षाचं पाणी पोटात घेऊन फिरतो. पाऊस पडला की पिऊन घेतो, आणि मूत्राशयात साठवतो. त्यावर उन्हाळा काढतो. तू कौतुकाने उचललंस की तो घाबरतो आणि सगळं सोडून देतो. तू जातेस घरी, वाटतं काय पुण्य केलं. तो जुलैत तहानेने मरतो."

"तुम्ही ओटिसला कधीच नाही उचललं?"

"कधीच नाही."

"एवढ्या वर्षांत? मांडीवरसुद्धा नाही?"

"मांजर आहे का ते?"

मारिसोल हसली. मी मात्र बाईंकडे बघत राहिले. ज्याच्यासाठी मुलाशी वैर घेतलं, त्याला या बाईने कधी पोटाशी धरलं नव्हतं. मला तेव्हा त्यांची फार माया आली आणि थोडी चीडही.

मार्च आला. पलीकडच्या गल्लीतलं कासव उठलं. शाळेच्या आवारातलं उठलं. ओटिसच्या बिळाच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं, आणि ते रोज तसंच असायचं. लोवेलचा फोन यायचा, बाई "नाही अजून" म्हणून ठेवून द्यायच्या. शेवटी मीच धीर केला.

"मिसेस प्रूइट, समजा तो..."

"बॉबी, सगळी मुलं चढल्याशिवाय मी बस कधी हलवली का?"

"नाही."

"मग?"

मी घरी येऊन रडले. ओटिससाठी नव्हे.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मारिसोल तमाल्यांची पानं सोडत होती. बाईंनी एकदम तिचा दंडच धरला. बिळाच्या तोंडाशी माती हलत होती. आधी एक खवल्यांचा, फावड्यासारखा पाय. मग नाक, त्याला ते कोळ्याचं जाळं चिकटलेलं. ओटिस अर्धा बाहेर आला आणि तसाच थांबला, डोळे किलकिले करून, सक्काळी सक्काळी कुणी दार वाजवावं तसा वैतागून. बऱ्याच वेळाने तो पूर्ण बाहेर आला, बाईंच्या बुटाला वळसा घालून त्यांनी भरून ठेवलेल्या पाण्याच्या परातीपाशी गेला, आणि मान पाण्यात घालून प्यायला लागला. पिता पिता त्याचा गळा हलताना दिसत होता.

मारिसोलने छातीवर क्रूसाची खूण केली. "केवढं प्यायला," ती म्हणाली. मग म्हणाली, "ट्रक रस्त्यावर उभा राहील, दोन्या व्हर्ना. रस्ता काय कमी आहे?"

बाई मान हलवून "बरं" म्हणाल्या. त्या रात्री त्यांनी लोवेलला फोन केला: कागद घेऊन ये.

तो आला, सही झाली. निघायच्या दिवशी खाट गेली, गाद्या गेल्या, डिकीत आधी ती स्वयंपाकघरातली खुर्ची कोंबली, वर बोचकी भरली. मारिसोल किल्ली घ्यायला आली होती. बाईंना गाडीपर्यंत मी आणलं. त्यांनी अंगणाकडे मान वळवली नाही. त्यांचं बघून झालं होतं, असं मी समजले.

ऊन चांगलंच चढलं होतं. लोवेल गाडीचं दार उघडून आत बसणार, तोच थांबला आणि गुडघ्यावर वाकला. आमच्याकडे उन्हाळी दिवसांत गाडीखाली बघितल्याशिवाय कुणी किल्ली फिरवत नाही. कासवं सावलीला चाकांशी येऊन बसतात. पण लोवेल वीस वर्षं आयडाहोत राहिलेला. तिकडे गाडीखाली बर्फाशिवाय काय असणार? तरी वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"आई," तो म्हणाला, "ओटिस आहे."

गाद्या काढताना अंगणाचं फाटक उघडं राहिलं होतं. पुढच्या चाकाला पाठ लावून स्वारी बसली होती.

"झाडूने जरा ढकलू का?" मी म्हटलं.

"हात लावायचा नाही," लोवेल म्हणाला.

माझ्याकडे न बघताच म्हणाला. मग त्याने किल्ली खिशात टाकली, डिकी उघडली, सगळी बोचकी परत खाली काढली, खुर्ची ओढून काढली आणि गॅरेजच्या सावलीत मांडली. बाईंना बसवलं. स्वतः त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. किती वेळ लागेल, हे कुणी विचारलं नाही. मारिसोलने बाटलीतलं पाणी सगळ्यांना दिलं. मालगाडी गेली, दुसरी गेली. मध्येच बाईंनी लोवेलच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्या पन्नाशीच्या पुरुषाने तो ठेवू दिला.

सावली सरकली तसा ओटिस निघाला. बाईंच्या बुटाला तोच वळसा घालून, उघड्या फाटकातून, आपल्या वाटेने अंगणात. मारिसोलने त्याच्या मागे फाटक लावलं आणि कडी घातली.

बाई उठल्या. लोवेलने बोचकी परत भरली आणि खुर्चीला हात घातला.

"ती राहू दे," मिसेस प्रूइट म्हणाल्या. "मारिसोलला बसायला लागेल."