पाऊल खाली येण्याआधी

पावरी म्हणतात मला. शहरातली माणसं मला पाहिलं की आधी विचारतात, “यानं साप डोलतो का हो?” नाही डोलत. मी डोंगरातली, नाचाची. लांब मानेचा कडू भोपळा, त्याला जोडलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला बैलाचं शिंग, एवढाच माझा संसार. सगळं मधमाशीच्या मेणाने चिकटवलेलं, खिळा कुठेही नाही.

सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर काळूने मला घडवलं. भोपळ्याचा वेल त्याच्याच घराच्या छपरावर चढला होता. पहिली फुंकर आली तेव्हा मला वाटलं, काय सुंदर आवाज आहे माझा! मग कळलं, यात माझं काहीच नाही. श्वास त्याचा होता, आणि तो थांबतच नव्हता. गालात साठवलेली हवा तोंडाने सोडायची आणि त्याच वेळी नाकाने नवी ओढायची, म्हणजे सूर तुटत नाही. इतकी वर्षं झाली, तरी माणसाला हे जमतं यावर माझा अजून विश्वास बसत नाही. लिफ्ट बंद पडली की दोन जिन्यांत धापा टाकणारी माणसंही मी पाहिली आहेत ना!

या घराची एक रीत आहे. वाजवणारा गेल्यावर पावरी आपोआप मुलाची होत नाही. ती त्याने जिवंतपणी, डोंगऱ्या देवाच्या उत्सवात, नाच चालू असताना द्यायची. नाचणाऱ्यांनी पाऊल उचललं की जुन्याने तोंड काढायचं, आणि ते पाऊल जमिनीवर येण्याआधी नव्याचा सूर लागला पाहिजे. नाही लागला, तर पावरी डोंगरावरच्या कपारीत देवापाशी ठेवून यायची, कायमची. काळूने मला आपल्या मुलाला, निवृत्तीला, असंच दिलं. मधला तो रिकामा क्षण आठवला की अजून अंगावर काटा येतो.

निवृत्तीने मला जन्मभर वाजवलं. आता तो थकला. त्याचा मुलगा नवनाथ नाशिक रोडला सरकारी नोकरीत. निवृत्तीने मला त्याच्याकडे पाठवलं आणि फोनवर सांगितलं, “सराव कर. औंदाचा उत्सव मी काढीन, पन त्याच्या फुडं दम नाय पुरायचा.”

नवनाथने मला हॉलच्या भिंतीवर टांगलं. प्रेमाने टांगलं, अगदी सोफ्याच्या वर. पाहुणे आले की माझ्यासोबत फोटो. पण समोर पश्चिमेची खिडकी होती. चैत्रातलं ऊन रोज दुपारी अंगावर येऊ लागलं, मेण वितळलं आणि एके दिवशी माझं शिंग सोफ्यावर पडलं. ज्या घरात मेण कायम सावलीत ठेवतात, तिथे वाढलेल्या मुलाच्या हे ध्यानातच आलं नाही. त्याची बायको स्नेहल बिचारी ट्यूबमधला गोंद घेऊन आली आणि तिने मला असं पक्कं बसवलं की मी मुकीच झाले.

निवृत्ती बायकोला, चांगुणाला, घेऊन मुलाकडे राहायलाच आला. मला बघून खोकला येईपर्यंत हसला. मग गोंद खरवडून त्याने नवं मेण लावलं आणि नवनाथच्या हातात पाण्याचा ग्लास आणि स्ट्रॉ दिला. “बुडबुडं थांबू द्यायचं नाय.”

नवनाथचे बुडबुडे दर वेळी थांबत. महिनोन् महिने त्याने प्रयत्न केला, डोळे लाल होईपर्यंत. शेवटी मान खाली घालून म्हणाला, “बा, माझ्याच्यानं नाही होत.” त्याला फार लाज वाटत होती. मला त्याची दया आली, आणि स्वतःची भीतीही वाटली. कपार दिसू लागली मला.

ग्लास उचलून ठेवायला त्याची मुलगी तेजल आली. कॉलेजला जाणारी पोर. तिने सहज स्ट्रॉ तोंडात धरला. पहिल्यांदा पाणी नाकात गेलं, दुसऱ्यांदा ठसका लागला. पण ती हट्टाला पेटली. दिवाळीपर्यंत अशी वेळ आली की स्नेहल स्वयंपाकघरातून हाका मारते, तेजल मानेनेच हो म्हणते, आणि ग्लासात बुडबुडे चालूच. माझ्या नळ्यांवर बोटं कशी फिरवायची, तेही निवृत्तीने तिला शिकवलं. निवृत्ती त्या ग्लासाकडे देवाकडे बघावं तसा बघत बसायचा.

चांगुणा म्हणाली, “अवो, पोरीच्या तोंडी पावरी? लोक काय म्हनतील?”

“लोकांना आधी गिलासात फुकायला सांग,” निवृत्ती म्हणाला.

मार्गशीर्ष आला. पाड्यावर संध्याकाळी नाच सुरू झाला. हातात हात गुंफलेली रांग, पुढे मी आणि निवृत्ती. त्याच्या छातीतली घरघर मला आतून ऐकू येत होती. शेजारून तेजल चालत होती, गाल आधीच भरलेले. कुजबुज झाली, पण नाच कोणी थांबवला नाही.

रांगेने पाऊल उचललं. निवृत्तीने तोंड काढलं.

माझ्यात काहीच उरलं नाही. मी नुसता भोपळा होते.

आणि मग श्वास आला. कोवळा, थोडा थरथरता, चहाचा वास असलेला. पावलं जमिनीवर आली तेव्हा मी वाजत होते! एवढ्याशा पोरीच्या छातीत डोंगरभर पुरेल इतका वारा कुठून येतो, मला अजून कळलेलं नाही.

निवृत्ती बाजूला उभा होता. सवयीने त्याचे गाल अजून फुगत होते, रिकामे होत होते. हळूहळू ते शांत झाले. बापाच्या हातून मला घेतल्यापासून त्याने मला असं लांबून कधी ऐकलंच नव्हतं.

“अशी वाजती व्हय ही!” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

मग तो रांगेच्या टोकाला गेला. तिथे नवनाथ उभा होता. निवृत्तीने त्याचा हात धरला आणि बापलेकांनी मिळून पाऊल उचललं.