वाकड्या सुईचे दिवस

मित्रांनो, मी एक जुना इमोजी आहे. उंचीने तुमच्या करंगळीच्या नखाएवढा, पण अनुभवाने चांगला मुरलेला. शिंपीकाम करणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात मी राहतो. तुमच्या फोनमधल्या हसऱ्या-रडक्या पिवळ्या चेहऱ्यांशी माझं नातं नाही. मी घरगुती आहे.

माझा जन्म एका चुकीतून झाला. गणवेश शिवणाऱ्या काकू टाचणी काढायला विसरल्या, मशीन तिच्यावरून गेली आणि सुई वाकली. पंचवीस वर्षं शिवणकाम करूनही असं होतं, असं लिहून त्यांनी त्या सुईचा फोटो गटात टाकला. त्यांच्या मुलीने तो कापून, नीटनेटका करून माझा इमोजी बनवला.

पुढे रीतच पडली. कुणी चूक कबूल केली की खाली मी हजर. माझा अर्थ एवढाच, ‘माझ्याकडूनही झालं होतं.’ कुणाचा गळा तोकडा झाला, कुणाची इस्त्री कापडाला चिकटली, मी सगळ्यांच्या सोबतीला जाऊन बसलो. तेव्हा माझी ऐट विचारू नका.

मग नवे इमोजी आले. नाचणारी कात्री आली, डोळा मारणारं बटण आलं. कानामागून आले आणि तिखट झाले! गटात पन्नासच इमोजी मावतात. बटणांचं दुकान चालवणारे दादा गट सांभाळायचे. कोण किती वापरला जातो ते त्यांनी मोजलं. मी महिन्यातून जेमतेम चारदा. चुका काही रोज कबूल होत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी मला काढून टाकलं. जुन्या संदेशांत माझ्या चित्राच्या जागी नुसतं नाव उरलं, ‘:वाकडी सुई:’. मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात एका शिकाऊ ताईने दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. कापडाला उलट-सुलट बाजू होती, त्यामुळे फिरवूनही भागेना. कापड गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका मुलीचं, जास्तीचं नाही, आणि तिच्या नोकरीचा पहिला दिवस परवावर आलेला. ताईने लिहिलं, “मला हे जमणार नाही. उद्या कापड परत करते आणि मशीन विकून टाकते.”

लोकांनी पुढच्या वेळी खडूने खूण कर, असे सल्ले दिले. सल्ले बरोबर होते, पण कापून झालेल्या बाह्यांना त्यांचा उपयोग नव्हता. तेवढ्यात कोटवाले मामा आले. त्यांच्या हातून चूक होत नाही अशी त्यांची ख्याती. सवयीने त्यांनी नाव टाइप करून मला बोलावलं, पण संदेशात फक्त माझं नाव उमटलं. हे काय, असं ताईने विचारलं. मग मामांना लिहावंच लागलं.

“पोरी, मीही दोन डाव्या बाह्या कापल्यात. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा तर मेव्हण्याच्या लग्नाचा कोट होता. कातरण टाकू नकोस. त्याला जोड देऊन उजवी बाही निघते, जोड काखेखाली लपतो.”

त्यामागोमाग काकूंनी आपली चूक लिहिली, दादांनीही लिहिली. मित्रांनो, खरं सांगतो, मला थोडा हेवा वाटला. इतकी वर्षं माझ्याआड लपलेल्या गोष्टी माझ्याविना बाहेर आल्या होत्या.

दुसऱ्या संध्याकाळी ताईने पूर्ण झालेल्या पोशाखाचा फोटो टाकला. जोड कुठे आहे ते कुणालाच सापडलं नाही. दादांनी स्वतःचं लाडकं डोळा मारणारं बटण काढलं आणि काकूंकडून फोटो मागून मला परत आणलं.

परवा एका नवख्याने पँटचा खिसा शिवून बंद केला. सगळ्यांत आधी मला धाडलं ते ताईने. पण ती तेवढ्यावर थांबली नाही, स्वतःच्या दोन डाव्या बाह्यांची गोष्टही तिने लिहिली.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. मला जपा, अडीअडचणीला बोलवा. पण मला पाठवून लगेच पळू नका. माझ्यामागे तुमचे चार शब्दही येऊ द्या, कारण समोरचा त्यांचीच वाट बघत असतो.