उजवा दिवा

सकाळची भेंडी तोडून झाली, तरी भागीरथीचं चित्त ठिकाणावर नव्हतं. भेंडीच्या कुसांनी हात खाजत होते, ऊन पाठीला चावत होतं आणि तिची नजर पुन्हा पुन्हा बांधावरच्या व्हॅनकडे जात होती. व्हॅनचा उजवा दिवा गेलेला. सुरतेजवळ, कामरेजच्या पुढच्या या वस्तीत सगळे तिला काणीच म्हणायचे.

दगाला जाऊन दीड महिना झाला होता. बावीस वर्षं त्यानं सुरतेच्या नवागामात कापडाच्या लूमवर काढली, मग ही भाजीची शेती अर्धेलीनं धरली आणि माल सुरतेला न्यायला जुनी व्हॅन घेतली. एका दुपारी पाण्याच्या मोटरीपाशी बसला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. सगळ्यांनी ते मान्य केलं. भागीरथीला मात्र आदल्या दिवशीचं स्वतःचं बोलणं गिळताही येईना, थुंकताही येईना.

उजव्या दिव्याचा बल्ब त्या दिवशी तिसऱ्यांदा उडाला होता. ती तोडलेली भेंडी पाटीत आपटत म्हणाली होती, “पंधरा दिन व्हतस नही, तवय उडना! तुमना हातच खराब शे. ज्याले हात लावतस ते बठ्ठं जयी जास.”

ज्याला हात लावतो ते सगळं जळतं, हे दगानं ऐकलं. त्यानं आपले हात उलटसुलट करून पाहिले, धोतराला पुसले आणि मोटरीकडे निघून गेला. ते त्यांचं शेवटचं बोलणं. रात्री तो न जेवता झोपला.

दगाला काही टाकायची सवय नव्हती. तीन जळके बल्ब त्यानं बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते. आज भागीरथीनं तो डबा काखेत मारला. उद्यापासून तिची लेक नूतन पहाटे माल घेऊन निघणार होती, दिवे दुरुस्त करायलाच हवे होते. पण डबा बरोबर घ्यायचं कारण निराळं होतं. जाणत्या माणसानं ते बल्ब पाहावेत आणि एकदा म्हणावं की माल नकली होता. दगाच्या हातात काही खोट नव्हती. एवढं तिला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

नूतननं व्हॅन हायवेला धर्मेंद्रच्या गॅरेजवर आणली. मूळचा तोही यांच्यासारखा धुळ्याकडचा, पण वाढला सुरतेच्या गोडादऱ्यात. व्हॅन पाहून हसला.

“काकी, हिला तर कावीळ झालीय! आधी काच घासतो. नवा बल्ब लावला तरी या पिवळ्या काचेतून उजेड काय पडणार?”

त्यानं पाणी शिंपडून बारीक पॉलिश-पेपरनं दिव्याची काच घासली. पिवळं पाणी ओघळलं आणि काच हळूहळू उघडली. तोवर भागीरथीनं डबा उघडून पुढं केला.

“दख रे भाऊ. नकली शेतस ना ह्या?”

नूतननं मागून धर्मेंद्रला डोळ्यानं खुणावलं. हो म्हण, हो म्हण. त्याचं लक्षच नव्हतं. त्यानं एक बल्ब उन्हात धरला.

“नाही काकी. माल चोख आहे. हे कुणीतरी उघड्या हातानं धरलेत.”

“रस्त्याला खड्डे किती आहेत, धर्मेंद्रभाई,” नूतन घाईनं म्हणाली. “हादऱ्यानं गेले असतील.”

“हादऱ्यानं आतली तार तुटते गं. इथं काच बघ, फुगलीय. ही काच इतकी तापते, की बोटाचं तेलपाणी लागलं तर तिथंच भाजून बसतं. मग तेवढी जागा कमजोर पडते आणि बल्ब फुटतो. काचेला बोट लावायचंच नसतं, कागदात धरायचं असतं.” मग तो सहज म्हणाला, “हात लागला म्हणूनच जळले, काकी.”

भागीरथी बल्बकडे पाहत राहिली. काचेवर एक पांढुरका, लांबट डाग होता. दुसऱ्यावरही तसाच. तिसऱ्यावरही. अंगठ्याचा डाग, पण त्यात एकही रेघ नव्हती. फक्त एक तिरपी चीर.

ती चीर तिच्या ओळखीची होती. लूमचा धोटा लागून दगाचा अंगठा फाटला तेव्हा हळद तिनंच भरली होती. आणि रेघा? बावीस वर्षं तुटका धागा जोडून जोडून त्या झिजून गेल्या होत्या. दर महिन्याला रेशनच्या दुकानात तो मशीनवर अंगठा ठेवायचा, ठसा यायचा नाही, मशीन लाल व्हायचं. दगा ओशाळून अंगठा पुसायचा, पुन्हा ठेवायचा. लोक हसायचे.

मशीनला कधी न आलेला अंगठा इथं तीन तीन वेळा आला होता.

“ते पुसून लावायचे,” ती अंगठा हवेत फिरवत म्हणाली. “काचवर धूळ नको म्हनीसन, अंगठाघाई पुसेत. मी दखेल शे.”

धर्मेंद्रचं आता नूतनच्या तोंडाकडे लक्ष गेलं. त्यानं मान खाली घातली आणि व्हॅनचा डावा दिवा लावून पाहिला. तो लख्ख पेटला.

“हा पण त्यांनीच बसवला?”

“हा.”

“मग याचाही भरोसा नाही. दोन्ही बदलूया.”

दिवसाढवळ्या पेटलेला तो दिवा भागीरथी बघत राहिली. दगानं लावलेलं एवढंच काय ते अजून जळत होतं. नाही म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं. पण पहाटेचा हायवे, ट्रकांची रांग आणि एकटी नूतन तिच्या डोळ्यांपुढं आली.

“काढ,” ती म्हणाली.

धर्मेंद्रनं दिवा बंद केला, फडक्यानं धरून बल्ब बाहेर काढला. “थांबा काकी, तापलाय—”

याही बल्बवर तसाच पांढरा डाग होता आणि भागीरथीनं त्यावर आपला अंगठा टेकला होता. बरोबर त्याच्यावर.

“माय! येडी व्हयनी का?” नूतननं तिचा हात ओढून नळाखाली धरला. पाणी पडत होतं आणि दोघी रडत होत्या. “माय, बापना हात खराब नव्हता. मोटरना तेलना हात व्हता तो.”

“माले काय सांगस,” भागीरथी म्हणाली. “त्यास्ले सांगाले पाहिजे व्हतं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे व्हॅन दोन्ही दिवे लावून उसाच्या कडेनं गेली. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत भागीरथी बांधावर उभी होती.

दोन दिवसांनी रेशन आलं. तिनं मशीनवर अंगठा ठेवला. मशीन लाल झालं.

“मासी, अंगूठो नथी आवतो,” दुकानदार म्हणाला. “बीजी आंगळी मूको ने.” त्यानं दुसरं बोट ठेवायची खूण केली.

मागची रांग कुरकुरली. कुणीतरी हसलं. भागीरथीनं फोड आलेला अंगठा पदराला पुसला, दगा पुसायचा तसा, आणि पुन्हा त्याच काचेवर ठेवला.